कपाळाची भिंत

गवंड्याचं मनगट गेलं ते थंडी सरता सरता, आणि ते गेलंय हे उन्हाळा डोक्यावर आला तरी बायको आणि आई सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं.

परांचीची फळी सरकली आणि तो हातावर पडला. उंची फार नव्हती. खालची माणसं हसली, तोही हसला, पँट झटकली आणि उरलेला दिवस देखरेख केल्यासारखा विडी ओढत उभा राहिला. हाड बसवलं ते वाकडं बसलं. कप धरता येई, बटण लावता येई. पण गिलावा करणाऱ्याचा जीव मनगटात असतो. थापीवर माल घ्यायचा आणि एका फटक्यात भिंतीवर असा मारायचा की तो जागच्या जागी चिकटला पाहिजे. तो फटका गेला होता.

त्या बांधकामावर काम जोडीला मिळायचं. नवरा गवंडी, बायको बिगारी. तो भिंत करणार, ती त्याला डोक्यावरून माल आणून देणार. दोघांची मजुरी नवऱ्याच्या हातावर. मागच्या बाजूची पत्र्याची खोलीही जोडीची, म्हणजे नवऱ्याचीच. गवंडी कामाला उभा राहिला नाही तर खोली त्याच संध्याकाळी खाली करायची. हे सांगायला मुकादमाला आवाजसुद्धा चढवावा लागत नसे. आणि या खोलीवरून त्यांची पोरगी पहिल्यांदाच एका शाळेत वर्षभर टिकली होती. आधीच्या शाळांमध्ये तिचं नाव लागायच्या आत बिऱ्हाड उचललेलं असायचं.

म्हणून बायको म्हणाली, मग मी करते.

नवरा हसला. दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीत तिनं थापी उचलली तेव्हाही हसला. संध्याकाळी हसला नाही.

ती शिकली कुठं, असं कुणी विचारील. लग्न झाल्यापासून ती त्याच्या मागे उभी होती. घमेलं पायाशी ठेवायचं, रिकामं उचलायचं, आणि मध्ये जो श्वास मिळेल तेवढा वेळ त्याच्या हाताकडे बघत राहायचं. एवढी वर्षं बघितल्यावर म्हशीलासुद्धा कळलं असतं. फक्त हात उलटा होता. ती डावखुरी. जेवण वाढताना त्या हातावरून तिनं सासूची बोलणी खाल्ली होती. भिंतीला हाताचं सोवळं नसतं.

बांधकामावर एक हाक असते. गवंडी भिंतीकडे तोंड ठेवून, मागे न बघता ओरडतो, ‘माल’. एवढंच. मागे कोण आहे, तिनं नुकतंच घमेलं टेकवलंय का, तिला धाप लागलीय का, हे त्याला बघायचं नसतं. बाईनं धावायचं. आणि धावायचं म्हणजे घमेलं डोक्यावर चढवून घ्यायचं. उचलून देणारे बाप्ये असतात. त्यांचे हात डोक्यापर्यंत पोहोचताना वाटेत कुठं कुठं थांबून जातात. बाईचे दोन्ही हात घमेल्याला लागलेले, ती काय करणार? म्हणून ती आणि लांबडी एकमेकींना घमेलं उचलून देत. लांबडी दुसऱ्या जोडीतली, खांबासारखी उंच, म्हणून लांबडी. बायकांना आडोसा नव्हता, त्यामुळे दोघी दिवसभर पाणी पीत नसत. बाप्ये कुठंही भिंतीला तोंड करून उभे राहत, ती भिंत बायकाच नंतर धूत.

तर आतल्या खोलीच्या चौकटीला पोतं टांगलं. ऊन लागलं की गिलावा तडकतो, असं नवऱ्यानं सांगून टाकलं. आत ती भिंत करी आणि तो पालथ्या घमेल्यावर बसून चुका काढी. माल संपला की तो बाहेर ऐकू जाईल असा ओरडे, ‘माल’. मग ती थापी खाली ठेवी, हात पुसे, पोत्यामागून बाहेर येऊन मिक्सरपर्यंत धावे, घमेलं भरून डोक्यावरून आणी, उतरवी आणि पुन्हा थापी उचली. गवंडीही तीच, बिगारीही तीच. बाहेरच्यांना दिसायचं ते रोजचंच. नवरा हाक मारतोय, बायको धावतेय.

संध्याकाळी तिच्या डाव्या खांद्यातून उठणारी कळ कानापर्यंत जाई. सासू तेल चोळून देई आणि चोळता चोळता म्हणे, हे बाईचं काम नाही.

एक दिवस मुकादम पोतं बाजूला करून आत आला. नशीब तेव्हा ती माल आणायला गेली होती. त्यानं भिंतीवरून तळवा फिरवला, गाल टेकवून उजेडाच्या रेषेत बघितलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकवलं की भिंत म्हणतात ती ही, आरसा आहे आरसा, जरा शिका या मिस्त्रीकडून. नवऱ्यानं काय करावं? तो लाजला. नव्या नवरीसारखा मान खाली घालून लाजला आणि म्हणाला, ‘बसलाय हात आता.’

ती घमेलं डोक्यावर घेऊन तिथंच उभी होती. ते उतरवून घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

नंतर चहाच्या टपरीवर त्याला बाकीच्या गवंड्यांनी मध्ये बसवलं. त्यानं म्हणे रंधा, म्हणजे गिलावा घोटायची फळी, कसा फिरवावा हे डाव्या हातात बिस्कीट धरून समजावून सांगितलं. उजवा हात खिशात होता. त्याच बैठकीत मुकादमानं विचारलं की कपाळ करशील का. आणि हा हो म्हणाला.

कपाळ म्हणजे इमारतीच्या फाटकावरची समोरची भिंत. रस्त्यावरून येणाऱ्याची पहिली नजर तिथं पडते. ती भिंत एका दमात, एका हातानं करावी लागते. आज थोडी, उद्या थोडी असं केलं तर ओल्या आणि सुक्याच्या मध्ये सांधा पडतो आणि तो जन्मभर दिसतो. रंगाखालूनही दिसतो. आणि तिथं पोतं टांगता येत नाही.

‘हो म्हणालात?’ संध्याकाळी खोलीत तिनं विचारलं.

‘सगळ्यांसमोर विचारलं त्यानं. नाही कसं म्हणू?’

‘आणि वर चढणार कोण?’

बघू, कळ कमी आहे, असं काहीतरी तो म्हणाला. तिनं कोपऱ्यातला पाण्यानं भरलेला मग त्याच्या उजव्या हातात दिला आणि समोरच्या पत्र्यावर पाणी उडवून दाखवा म्हणाली. उगाच. एकदा. आईसमोर त्याला नाही म्हणता येईना. त्यानं हात मागे नेला, फटका मारला आणि सगळं पाणी त्याच्याच पायांवर पडलं. पोरगी अभ्यास सोडून खुदकन हसली, मग आईचं तोंड बघून वहीत वाकली.

सासू म्हणाली, सरळ सांगून टाकू, हात गेलाय. इथं नाही तर दुसरीकडे. दोन्ही बायका डोक्यावर काम करू, पोट काय हटून बसणार आहे?

‘दुसरीकडेही डोक्यावरच?’

‘मग मी काय केलं जन्मभर? डोक्यावरच नेलं ना? मेले का?’

‘आई, जरा डोक्याला हात लावून बघा तुमच्या.’

असं कुणी सासूला बोलत नाही. सासूच्या टाळूवर केस नव्हते. जिथं चुंबळ बसते तिथं तळहाताएवढी जागा गुळगुळीत झाली होती, आणि मान अशी रुतली होती की वरचं काही बघायला तिला कमरेतून मागे वाकावं लागे. म्हातारीनं हात वर नेला नाही. पदर ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. पत्रा गार होत कडकड वाजत होता.

सकाळी बायको नवऱ्याची जुनी पँट घालून कामावर आली. वरून त्याचाच शर्ट. नवऱ्यानं बघून न बघितल्यासारखं केलं.

कपाळासमोर परांची बांधून तयार होती आणि सगळे कामं सोडून बघायला जमले होते. ठेकेदार जेवणाआधी येऊन बघून जाणार, असा निरोप होता. भिंतीवर पाणी मारून झालं होतं. उन्हानं आत्ताच डोळे वटारले होते. ती भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन शिडीच्या पायथ्याशी उभी राहिली, कारण बाईनं तिथपर्यंतच यायचं असतं. बाई परांचीवर चढली की भिंतीला भेग जाते, असं मुकादम सांगे. भेग जाते ती मातकट वाळूनं, आणि मातकट वाळू मागवायचा तो मुकादमच.

वर आधीच चढवलेल्या घमेल्यातून नवऱ्यानं पहिली थाप मारली. माल भिंतीला लागला, क्षणभर थांबला आणि शेण पडावं तसा खाली आला. दुसरी त्याच्या चपलेवर पडली. मग त्यानं थापी टाकली आणि दोन्ही हातांनी माल भिंतीवर दाबायला लागला, लहान पोरं मातीत खेळतात तसा. खाली कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. काल टपरीवर ज्यांनी मध्ये बसवलं होतं, ते जास्त हसले.

मुकादम हसला नाही. त्याला कळलं. हात दाखव म्हणाला. नवऱ्यानं वरूनच हात पुढे केला, वाकडा.

‘खोली खाली कर मिस्त्री. संध्याकाळपर्यंत.’

एवढा वेळ घमेलं तिच्या डोक्यावरच होतं. मान भरून आली होती. खाली ठेवून रडायला बसायचं तर तेही कुणाला तरी उतरवायला सांगावं लागलं असतं. ती शिडी चढायला लागली.

नवरा वरून उतरत होता. शिडी एकच. अर्ध्यावर दोघं समोरासमोर आले. तो हळू म्हणाला, ‘खाली चल. थोडी तरी लाज ठेव माझी.’

‘सरका.’

त्याला अंग चोरून शिडीच्या कडेला लटकावं लागलं. ती त्याच्या बाजूनं वर गेली, गुडघे वाकवून घमेलं स्वतःच फळीवर उतरवलं आणि पडलेली थापी डाव्या हातात घेतली.

खाली गलका झाला. उतर खाली, वहिनीला सर्कशीत घ्या, पँट बघा पँट. एकजण मुद्दाम बरोबर तिच्याखाली येऊन उकिडवा बसला आणि मान वर करून विडी पेटवली. गिलावा करताना थोडा माल सांडतोच. तो जिथं पडायचा तिथं, त्याच्या तोंडावर विडीसकट, पडला. त्यानंतर तिथं कुणी बसलं नाही.

सगळे गवंडी डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करतात. तिनं उजव्या कोपऱ्यातून केली. उलटी आहे, असं कुणी तरी म्हणालं. मुकादम ओरडत होता. पण तिचं तोंड भिंतीकडे होतं, आणि भिंतीकडे तोंड असलं की मागचं ऐकू येत नाही हे ती गवंड्यांकडूनच शिकली होती. फटका, फटका, पट्टी ओढ, पुन्हा फटका. माल चिकटत गेला. घमेलं संपलं.

‘माल,’ ती म्हणाली.

पहिली हाक फळीपुढे गेली नाही. इतके महिने बंद खोलीत तिनं सगळं केलं होतं, ही हाक मात्र नवराच मारायचा. तिनं पुन्हा हाक दिली. या वेळी फाटकापर्यंत गेली.

कुणी हललं नाही. मिक्सरवाल्यानं मिक्सर बंद केला. बाईला माल द्यायचा नाही, मुकादमानं सांगितलं. बाईच्या हाताखाली कोण काम करणार? लांबडी आपल्या घमेल्यावर हात ठेवून उभी होती आणि तिचा नवरा तिच्याकडे रोखून बघत होता.

मागून सासू आली. खोलीतून तशीच आली होती, हातात जुनी चुंबळ. ती मिक्सरपाशी गेली, फावडं घेतलं आणि घमेलं भरायला लागली. मिक्सरवाला बाजूला झाला. म्हातारीला हात कोण लावणार? भरून झालं तेव्हा तिनं पदर मागे सारला, त्या गुळगुळीत जागेवर चुंबळ ठेवली आणि जमलेल्या बाप्यांकडे एकेक करून बघितलं.

‘उचलून देताय कुणी, का तेही मीच करू?’

सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. लांबडीनं आपलं घमेलं नवऱ्याच्या पायाशी आदळलं आणि येऊन म्हातारीचं उचललं. म्हातारीच्या डोक्यावर नाही, स्वतःच्या. ‘तुम्ही भरा, मी नेते,’ म्हणाली. सासूनं आपली चुंबळ काढून तिच्या डोक्यावर घमेल्याखाली सरकवली.

मग काम सुरू झालं. सासू भरत होती, लांबडी शिडीवर उभी राहून लांब हातांनी घमेलं वर सरकवत होती, आणि भिंत उजवीकडून डावीकडे येत होती. अर्धी झाली तेव्हा खालचा आवाज पार बसला होता. जे बघतात त्यांना कळतं. मुकादमालाही कळलं. तो शिडीपाशी आला आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागला. ठीक आहे, कर. काम बरं आहे. पण ठेकेदाराची गाडी दिसली की तू खाली आणि नवरा वर. काम त्याचं म्हणून सांगायचं. जोडी राहील, खोली राहील. कुणाचं काही जात नाही.

नवऱ्यानं भराभर मान हलवली. सासूनं फावडं थांबवलं. खोली राहत होती. शाळा राहत होती. ज्यासाठी सगळी लपवाछपवी चालली होती, ते हाताला लागत होतं.

तिनं थापी फळीवर ठेवली आणि पाय खाली सोडून बसली.

‘मग उरलेली त्यांनाच करू द्या.’

ऊन भिंतीच्या वरच्या कडेवरून खाली सरकत होतं. तिच्या ओल्या गिलाव्याची धार उघडी पडली होती. ती सुकली की सांधा. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मुकादमानं गवंड्यांकडे वळून विचारलं, कोण चढतो? दोघं पुढे झाले, वर बघितलं आणि मागे सरले. तिचा हात उलटा आहे, ते म्हणाले, रंध्याची वळणं उलटी पडलीत, आमचा जोड उठून दिसेल.

‘काय पाहिजे तुला?’ मुकादमानं विचारलं.

‘उद्या हजेरीला गवंडी म्हणून मला हाक मारायची. खोली माझ्या कामावर. या दोघींची मजुरी त्यांच्या त्यांच्या हातात, माझी माझ्या हातात.’

‘असं कधी झालंय का कुठं?’

‘धार सुकतेय, मुकादम.’

त्यानं एक शिवी घातली, कुणाला ते कळलं नाही. मग नवऱ्याकडे वळून म्हणाला, समजाव तुझ्या बायकोला. नवरा शिडीच्या पायथ्याशी गेला. वर बघितलं. तिची माखलेली पावलं त्याच्या डोक्यावर लोंबत होती आणि पँट त्याचीच होती. समजूत घालायला तोंड उघडलं असावं, पण बाहेर पडलं ते वेगळंच.

‘आतल्या खोल्याही तिनंच केल्यात,’ तो खाली बघत म्हणाला. ‘तुला आरसा वाटला ना, तो.’

कुणी हसेल म्हणून तो थांबला. कुणी हसलं नाही.

मुकादमानं धारेकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. बरं, बरं, तू गवंडी, चल उठ, असं पुटपुटला.

‘सगळ्यांना ऐकू जाऊ दे.’

‘गवंडी ही,’ तो सगळ्यांकडे बघून ओरडला. ‘उद्यापासून. झालं समाधान?’

ती उठली. ब्रशनं धारेवर पाणी शिंपडलं, पुन्हा शिंपडलं आणि नवा माल जुन्यात घुसवायला लागली. खांद्यातली कळ कानापर्यंत चढली होती. दात आवळून ती रंधा फिरवत राहिली. तरी सांधा राहिलाच, केसाएवढा. सकाळचं तिरपं ऊन पडलं की आजही दिसतो, ठाऊक असेल त्याला.

ठेकेदार आला. गाडीतून उतरलाही नाही. काच खाली करून कपाळाकडे बघितलं, पांढरा रंग द्या म्हणाला आणि गेला. वर बाई आहे की बाप्या, हे त्यानं बघितलंच नाही.

खालची पट्टी अजून बाकी होती. लांबडी सावलीत टेकली होती. सासू दोघींसाठी पाणी आणायला गेली होती, आणि आज दोघी पिणार होत्या. वरून तिनं भिंतीकडे तोंड ठेवून हाक दिली.

‘माल.’

मिक्सर सुरू झाल्याचा आवाज आला. मग शिडी करकरली. पाऊल लांबडीचं नव्हतं, जड आणि अडखळत येणारं होतं. घमेलं फळीवर आपटलं. नवऱ्यानं ते डाव्या खांद्यावरून आणलं होतं. उभ्या जन्मात त्यानं घमेलं वाहिलं नव्हतं. अर्धा माल शिडीवर आणि त्याच्या मानेवर सांडला होता. तो धापा टाकत तिथंच उभा राहिला, ती काहीतरी म्हणेल या आशेनं.

तिनं मागे बघितलं नाही. थापी घमेल्यात घातली, तळ लागला.

‘भरून आणा,’ ती म्हणाली.